काउंटरकरंटवाले कंधारकर

आमच्या कॉलनीच्या पार्कात रोज सकाळी पन्नास-साठ माणसं एका दिशेनं चालतात आणि कंधारकरकाका दुसऱ्या.

त्यांना दिशा कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. माणूस शिकलेला, केमिकल इंजिनिअर, सत्तरी ओलांडलेला. पांढरा शर्ट पॅन्टमध्ये नीट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, खिशाला पेन आणि काखेत घडी घातलेली कापडी पिशवी. ट्रॅक इतका अरुंद की समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला अंग चोरावंच लागतं. काका ते समोरच्यावर सोपवतात.

आमची ओळखही टक्कर होऊनच झाली. पुण्याहून हैदराबादला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. नवऱ्याचं कॉलेज जवळ म्हणून आम्ही नारायणगुड्यात घर घेतलं आणि मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आयटीत मान मोडायला जाऊ लागले. सकाळचा तेवढा अर्धा तास माझा. कानात इयरफोन, नजर पुढच्या बाईच्या पाठीवर. ती पाठ एकदम बाजूला सरकली आणि तिच्या जागी काका उगवले. "आई गं!" म्हणेपर्यंत माझा चष्मा जमिनीवर. काकांनी तो उचलला, रुमालानं पुसला, माझ्या हातात दिला आणि खुशीत विचारलं, "मराठी का?"

"हो. पण तुम्ही उलटे चालताय."

"उलटा नाही. काउंटरकरंट."

"आमच्याकडे याला राँग साइड म्हणतात."

"तुमच्याकडं म्हणजे पुण्याकडं की!" काका म्हणाले आणि हसत पुढं निघून गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी "पुणेकर" झाले. माझं नाव त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

हा काउंटरकरंट म्हणजे काकांचं कुलदैवत. मूळ घराणं कंधारकडचं. आजोबा निजामाच्या काळात शेती भावांच्या हवाली करून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. काकांची पस्तीस वर्षं शहराबाहेरच्या औषधांच्या कारखान्यात गेली. तिथं गरम आणि थंड प्रवाह नळ्यांतून फिरवायचे आणि एकाची उष्णता दुसऱ्याला द्यायची, हे त्यांचं काम. माणूस निवृत्त झाला, पण शब्द काही निवृत्त झाला नाही.

एकदा त्यांनी तो मला आमच्याच जेवणाच्या टेबलावर समजावला. दोन्ही तळहात एकमेकांना चिकटवले. "हा उजवा म्हणजे गरम पाणी, डावा थंड. मधे पातळ भिंत. आता दोघं एकाच दिशेनं निघाले समजा. सुरुवातीला लई जोरात देवाणघेवाण. नंतर? दोघंबी कोमट. मग नुसतं सोबत वाहायचं, देण्याघेण्यासारखं काहीच नाही. आता हे बघा." त्यांनी हात एकमेकांच्या उलट दिशेनं हळू सरकवले. "हा इकडून आला, ती तिकडून. प्रत्येक जागी फरक राहतो. शेवटच्या इंचापर्यंत द्यायला काहीतरी उरतं. कळलं का पुणेकर?"

मी मान डोलावली. नवऱ्यानंही डोलावली, कारण पोळ्या गार होत होत्या.

हा शब्द कुणी चुकीचा वापरलेला काकांना खपत नसे. टीव्हीवरचा कुणी विश्लेषक दोन पक्षांच्या भांडणाला काउंटरकरंट म्हणाला, की काका टीव्हीला म्हणत, "गलत! एकदम गलत!" माझ्या ऑफिसच्या एका सादरीकरणात मी दोन टीममधल्या कुरबुरींसाठी तो ऐटीत वापरला आणि वर ते काकांना सांगितलंही. काका दुखावलेच. "भांडणाला भांडण म्हणा की. आडवा येतो तो वेगळा, समोरून येतो तो वेगळा. आडवा येणारा वाट अडवतो. समोरून येणारा काही तरी देऊन आपल्या वाटेनं जातो. विरोध नाही त्यात, पुणेकर. विरोध बिल्कुल नाही."

मग लोकांच्या चष्म्यांचं काय, हे मी विचारलं नाही.

शब्द नुसता तोंडात असता तर एक वेळ चाललं असतं. काका तो जगत. मराठी मंडळाच्या जेवणात सगळी रांग कोशिंबिरीकडून सुरू व्हायची आणि काका आइस्क्रीमकडून. मधे कुठे तरी मसालेभातापाशी ते रांगेला भिडत आणि वाढपी डाव हवेत धरून उभा राही. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत. कोठी भागातल्या बाजारात जुनी पुस्तकं बघायला जायचं ते दुकानं लावायच्या वेळी, म्हणजे गर्दी यायला लागली की हे निघाले.

आणि ती कापडी पिशवी! काका रोज, अक्षरशः रोज, बेगम बाजारला जात. एखाद्या घरात वर्षाला लागणार नाहीत इतक्या मेथ्या ते एका आठवड्यात आणत. मेथ्या, खसखस, शहाजिरं, चिंच, सुंठ. आणि संध्याकाळी कॉलनीत वाटत सुटत. बेल वाजायची, दार उघडलं की काका पुडी पुढं करायचे. "घरात आलेलं बाहेर गेलं पाहिजे. साचू द्यायचं नाही." माझ्याकडं एका वेळी मेथ्यांच्या सात पुड्या होत्या. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, मेथ्या कोण भेट देतं?" मी म्हटलं, काउंटरकरंटवाले देतात.

काकांच्या घरी मी कधी गेले नव्हते. काकूंना बरं नसतं, एवढं कॉलनीत कानावर होतं. एकदा मी सहज म्हटलं, "येऊ का एखाद्या रविवारी?" तर म्हणाले, "या की. पण आमच्या घरी मीच सध्या पाहुणा आहे." आणि विषय शहाजिऱ्याकडं वळवला. मला वाटलं, विनोद केला.

मग एके दिवशी कॉलेजची एक मुलगी धावताना त्यांच्यावर आदळली. चूक तिची होती, ती मोबाइलमध्ये बघत होती. पण गुडघा तिचा फुटला आणि तिची आई असोसिएशनच्या सेक्रेटरींकडं गेली. सेक्रेटरी म्हणजे रेड्डीगारू (गारू म्हणजे आपलं 'राव'), सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ. त्यांनी मीटिंग बोलावली.

मीटिंगमध्ये काकांना बाजू मांडायला सांगितली. त्यांनी उभं राहून दोन्ही तळहात एकमेकांना चिकटवले. मागच्या रांगेत हसू फुटलं. काका गरम पाणी, थंड पाणी, शेवटचा इंच, सगळं सांगत राहिले. रेड्डीगारूंनी शेवटी विचारलं, "सर, मगर पब्लिक को क्या फायदा?" काका क्षणभर काही तरी वेगळं बोलणार असं मला वाटलं. त्यांनी हात खाली घेतले. "पब्लिकला काही नाही," म्हणाले आणि बसले. सगळ्यांनी एकाच दिशेनं चालायचं, यावर हात वर झाले. माझाही झाला.

माझं पाप इथं संपत नाही. बोर्डाचा मजकूर कुणी लिहायचा, असा प्रश्न निघाला आणि माझ्या आतली पुणेकर जागी झाली. पाटी लिहायची संधी आम्ही सोडत नाही. "सर्वांनी बाणाच्या दिशेनेच चालावे. आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी पार्काबाहेर भरपूर जागा आहे." मला स्वतःचाच अभिमान वाटला. त्याचं इंग्रजी आणि हिंदी मीच केलं, तेलुगू रेड्डीगारूंनी. आठ दिवसांत फाटकाशी बोर्ड लागला.

काका बोर्डासमोर बराच वेळ उभे होते. मी मागून येत होते, ती तिथंच घुटमळले.

"मजकूर चांगला आहे," वळून न बघता ते म्हणाले. "पुणेकरांचा हात दिसतो."

"काका, वाईट नका वाटून घेऊ."

"छे छे. प्लांटात सेफ्टीचा बोर्ड लागला की वाद नाही. मी पस्तीस वर्षं लोकांना हेच सांगितलं." आणि बाणाच्या दिशेनं निघाले. पाठमोरे काका मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. खांदे किती उतरलेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

माझ्या इयरफोनचं चार्जिंग त्या सकाळी संपलेलं होतं. नाही तर पुढचं मला ऐकूच आलं नसतं.

ट्रॅकवर एक ठेंगणी, गोरी बाई रोज हळूहळू चालत असे. सुती साडी, मानेवर बारीकसा अंबाडा, सोबतीला यादम्मा नावाची सांभाळणारी बाई. मी तिला रोज दोन-तीनदा मागं टाकून पुढं जायची. तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता. आम्ही सगळे एका दिशेनं चालणारे, आम्हाला एकमेकांच्या पाठीच ओळखीच्या.

काका झपाझप गेले आणि त्या बाईच्या शेजारून चालू लागले. चार पावलं झाली, पाच झाली. बाई थबकली. यादम्माचा हात घट्ट धरून म्हणाली, "हे कोण गं? किती वेळचे बाजूबाजूनं चालायलेत. सांग ना त्यांना."

यादम्मा अवघडून म्हणाली, "साब, अम्मा को डर लगरा. थोडा पीछे हो जाओ."

काका मागं झाले. दहा पावलं अंतर ठेवून चालू लागले. ती पुन्हापुन्हा मान वळवून बघायला लागली. शेवटी बाकावर बसली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला घरी ने. ते अजून मागं आहेत."

यादम्माच्या त्या 'साब'वरून त्या काकू होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी त्या तिघांच्या शेजारून मान खाली घालून पुढं निघून गेले. थांबायला हवं होतं. थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी पार्कात तिघंही नव्हते. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. सगळी माणसं बाणाच्या दिशेनं सुरळीत चालत होती, कुणाची कुणाशी टक्कर नव्हती. आणि आमची संध्याकाळची बेलही वाजेनाशी झाली. ज्या मेथ्यांना मी नावं ठेवली, त्यांची मी वाट बघायला लागले.

काकांचा एक स्टीलचा डबा माझ्याकडं राहिला होता. डबा रिकामा परत करायचा नाही, एवढं आईनं शिकवलंय. मी त्यांच्याच मेथ्यांचे लाडू केले आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले.

दार काकूंनीच उघडलं. "या, या," म्हणाल्या, जसं काही आमची जुनी ओळख. आत काका खुर्चीत सरळ बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुणा बसतो तसे. यादम्मानं चहा केला, पण कप काकूंनीच आणून दिले. एक मला. एक काकांना.

"घ्या ना," काकू त्यांना म्हणाल्या. "संकोच करू नका. आमचे हे आत्ता येतीलच प्लांटातून."

"हौ," काका म्हणाले. "चहा झकास झालाय."

काकू खूश होऊन आत गेल्या. मी काकांकडं वळले.

"दोन वर्षं झाली," काका हलक्या आवाजात म्हणाले. "घरात मी पाहुणा. तिच्या मते भला माणूस आहे, रोज येतो, पण लवकर निघत नाही, एवढीच तक्रार. शेजारी बसलो तर ओळखत नाही. सोबत चाललो तर भिते. पण समोरून आलो ना, पुणेकर, की चट्‌कन ओळखते."

"समोरूनच का?"

"डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मला वाटतं, कंपनीची बस मला चौकात सोडायची आणि ही त्याच वेळेला भाजीला निघायची. पस्तीस वर्षं मी तिला रस्त्यात समोरून येतानाच दिसलो. घरी आल्यावर तरी कोण कुणाकडं नीट बघतं?" त्यांनी कप खाली ठेवला. "तिच्या दोन फेऱ्या होतात तोवर माझ्या चार. म्हणजे सकाळी सहा भेटी. सहाही वेळा तिला नवल वाटतं. बेगम बाजारला निघालो म्हणून सांगतो, तर काही ना काही आणायला सांगते. सांगितलं की आणायचं. खोटं कशाला बोलायचं?"

माझ्या स्वयंपाकघरातल्या सात पुड्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

"मग हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत, काका? कुणी हात वर केला नसता."

"नसता केला," काका म्हणाले. "पण दुसऱ्या दिवसापासून साठ माणसांनी तिच्याकडं कीव करून बघितलं असतं. आत्ता तिथं ती एक बाजाराला निघालेली बाई आहे. तेवढंच राहू द्या म्हटलं."

मला फार लाज वाटली. मी ती बोलूनही दाखवली. बोर्ड माझा, हातही माझा. काका म्हणाले, "पुणेकर, लाडू चांगले झालेत. थोडे कडू आहेत, पण ते मेथ्यांचं काम."

तिथून मी थेट रेड्डीगारूंकडं गेले. कारण सांगितलं नाही, सांगायचं नव्हतंच. बोर्ड माझ्याकडून चुकीचा लिहिला गेला, तो काढायचाय, एवढंच म्हणाले. रेड्डीगारूंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. काय समजले कोण जाणे. ते रोज फाटकाजवळच्या बाकावर बसतात, आणि तिथून येणाऱ्यांचे चेहरे दिसतात. खणातून पाना काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "आपकाच बोर्ड है मॅडम. आपीच निकालो."

चार बोल्ट होते. दोन मी काढले, दोन गंजलेले रेड्डीगारूंनी.

दुसऱ्या दिवशी मी इयरफोन घरीच ठेवले. यादम्मा आणि काकू पुढं चालत होत्या. या वेळी मी त्यांना मागं टाकलं नाही, त्यांच्या चालीनं शेजारून चालू लागले. काकूंनी मला हसून जागा दिली. वळणावरून पांढरा शर्ट दिसला. खांदे सरळ, काखेत पिशवी.

काकू थबकल्या. पदर सारखा केला.

"अगंबाई! अहो, तुम्ही इकडं कुठं? आज लवकर सुटलात?"

"हौ. जरा बेगम बाजारला निघालो होतो. काही आणायचं का?"

"मेथ्या संपल्यात बघा. अर्धा किलो आणा."

"अर्धा किलो मेथ्या," काकांनी गंभीरपणे म्हटलं आणि अंग चोरून आम्हाला वाट दिली. मी त्यांना अंग चोरताना पहिल्यांदाच पाहत होते. जाताना माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. त्यांचं लक्षच नव्हतं.

काकू वळून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या. मग माझ्या जवळ सरकल्या आणि एखादी खासगी गोष्ट सांगावी तशा म्हणाल्या, "आमचे हे. सारखे कामात असतात हो. महिना महिना नीट भेट होत नाही. आज कसे काय भेटले की!"

"परत भेटतील," मी म्हटलं.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "इतकं कुठलं नशीब!"

पुढचं वळण पिंपळापाशी होतं. मी तिकडं नजर ठेवून त्यांच्यासोबत चालत राहिले.